थोरलीसाठी ठेवलेलं चाक

"माझे बाबा बोलत नाहीत," खुर्चीत नीट टेकण्याआधीच ती म्हणाली. "लोकांनी चोर ठरवलं तरी बोलत नाहीत. उद्या पोलीस घेऊन जातील, तेव्हाही असेच खाली बघत निघून जातील."

वहिनी खिडकीपाशी उभ्या होत्या. बसून ऐकणं त्यांना कधी जमलंच नाही. विमा कंपनीसाठी जळकी गोदामं आणि बुडालेल्या बोटी तपासण्यात अर्धं आयुष्य गेलं. मग इस्त्रीवाल्याच्या दुकानावर दोन खोल्या घेऊन त्यांनी स्वतःचं तपासाचं काम सुरू केलं, पण पायाला लागलेली भिंगरी काही सुटली नाही. त्यांचा दीर याच खोलीत बसून दिवसभर 'वहिनी, वहिनी' करायचा, म्हणून साऱ्या शहराच्याही त्या वहिनीच झाल्या. हे भावजी टपालखात्यातून निवृत्त झालेले. गाडी चालवणं, चहा मागवणं आणि वहिनींच्या चार पावलं मागे राहून विचार करणं ही त्यांची कामं. तिन्ही ते मनापासून करीत.

"बाबा करतात काय?" वहिनींनी विचारलं.

"नौदलाच्या भांडारात सुटे भाग सांभाळतात. सगळे नाना म्हणतात त्यांना. मी शाळेत चित्रकला शिकवते, मला त्यातलं फार कळत नाही. पण लहानपणापासून ऐकत आलेय. तीन विनाशिका एकाच नकाशावरून बांधलेल्या. भांडारात त्यांना बहिणीच म्हणतात: थोरली, मधली आणि धाकटी. मधली आता मोडीत निघालीय. बांधणारा कारखाना केव्हाच बंद पडला, त्यामुळे एखादा भाग मोडला की नवा आणायची सोय नाही."

"आणि आता मोडला," भावजी म्हणाले.

"थोरलीचा. इंजिनाला तेल पुरवणारा पंप असतो, त्यातलं दातेरी चाक. कोरं असं एकच शिल्लक होतं, बाबांच्या भांडारात, शिशाचं सील मारलेल्या पेटीत. परवा सगळ्यांदेखत पेटी उघडली. सील शाबूत, आणि आत जुनं झिजलेलं चाक. सील मारायची पकड फक्त बाबांकडे असते." तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "वादळात सापडलेल्या बेटांवर थोरली पाणी आणि औषधं घेऊन निघणार होती. ती धक्क्यालाच उभी आहे."

"घरी आणखी कोण?"

"माझा नवरा. धाकटीवर इंजिन अधिकारी आहे. वकिलांकडे खेटे घालतोय बिचारा. खासगी तपास नको म्हणाला, नौदलाचा मामला आहे, उगाच चिघळेल. मी त्याला न सांगता आलेय."

वहिनी खिडकीपासून टेबलापर्यंत आल्या आणि परत गेल्या. "मला अर्ध्यावर थांबता येत नाही. जे निघेल ते तुम्हाला ऐकावं लागेल."

"बाबा चोर आहेत असं निघालं तरी ऐकेन," ती म्हणाली. "हे असं अधांतरी लटकणं मला सोसत नाही."

भांडार म्हणजे समुद्राला खेटून उभी असलेली लांबच लांब शेड. वाऱ्यानं वरचे पत्रे सारखे थडथडत होते. समोर धक्क्यावर राखाडी थोरली उभी होती. पाण्याच्या टाक्या चढवून झाल्या होत्या आणि तिचे खलाशी काम नसल्यामुळे डेकवर उगाच इकडून तिकडे फिरत होते. भांडाराचा कमांडरही दारात येरझाऱ्या घालत होता. वहिनींना तो लगेच आवडला.

"एरवी बाहेरच्या माणसाला मी आत घेतलं नसतं, बाई," तो म्हणाला. "पण बेटांवर लोक गढूळ पाणी फडक्यानं गाळून पिताहेत. चोर सावकाश द्या. चाक आधी द्या."

पेटी टेबलावर होती. आत पेंढा, आणि पेंढ्यात ताटाएवढं दातेरी चाक. चारही बाजूंनी लाकडाच्या पाचरा ठोकून ते घट्ट बसवलेलं होतं. चाकावरून दोरीची आडवी-उभी बांधणी. तपासताना दोरी कापली होती, पण गाठी तशाच होत्या. मेणकागद उलगडलेला होता. चाकावरच्या ग्रीसमध्ये बोटांच्या रेघा उमटल्या होत्या, मधल्या भोकाच्या आतसुद्धा सगळीकडे. वहिनींनी फडक्यानं एक दात पुसला. तो झिजलेला होता आणि त्याच्या टोकावर निळसर झाक होती.

"हा रंग?"

"तेलाशिवाय फिरलं की पोलाद तापून असं निळं पडतं. कुणीतरी जाळलंय हे चाक."

"आलं कुठून?"

"तेच सांगतो." कमांडर बोटांवर मोजू लागला. "प्रत्येक बहिणीला दोन इंजिनं, डावं आणि उजवं. प्रत्येकी एक पंप, एक चाक. थोरलीच्या मोडक्या चाकाचे तुकडे या ताटलीत आहेत. तिचं दुसरं इंजिनात आहे, मी स्वतः पाहिलं. मधलीची दोन्ही त्या फळीवर, झिजून कामातून गेलेली. धाकटीची दोन्ही तिच्या पोटात चालू आहेत. म्हणजे हे बाहेरचं! आणखी एका देशाकडे याच जातीच्या विनाशिका आहेत. तेही सुट्या भागांसाठी दारोदार हिंडताहेत. नानांनी त्यांना कोरं दिलं आणि त्यांचं जळकं इथे ठेवलं. दुसरं काय असणार?"

"पेटी उघडली तेव्हा नाना काय म्हणाले?"

"आधी ओरडले, 'शक्य नाही, मी स्वतः सील मारलंय.' मग पेटीत वाकून बराच वेळ बघत राहिले. सरळ झाले ते तोंडाला कुलूप घालूनच."

"त्याआधी पेटी कधी उघडली होती?"

"उन्हाळ्यात. दर उन्हाळ्यात ग्रीस बदलतो."

ग्रीस बदलणारा कामगार शेडच्या मागच्या बाजूला होता. सगळे त्याला दादा म्हणत. त्याच्यासमोर ग्रीसचं पिंप रटरटत होतं. तारेला टांगलेला एकेक भाग तो आत बुडवून वर काढत होता. भावजींनी जवळ जाऊन पाहिलं आणि शर्टावर डाग घेऊन परत आले.

"हातानं नाही लावत?" वहिनींनी विचारलं.

"हात शिजून निघेल, बाई. तारेला टांगायचं, बुडवायचं, निथळू द्यायचं."

निथळत असलेल्या भागांच्या भोकांत वहिनींनी बॅटरी मारली. प्रत्येकात तार टेकली होती तिथे एक बारीक कोरी रेघ राहिली होती.

"मग पुढे?"

"मेणकागदात गुंडाळून पेंढ्यात ठेवतो. धूळ नको म्हणून झाकण वर टाकतो आणि रात्रभर निवू देतो. सकाळी खिळे ठोकतो, नाना सील मारतात."

"खिळे ठोकताना झाकण उचलून बघता?"

"ठेवलेलं मीच असतं. बघायचं कशाला?"

वहिनींनी दुसऱ्या दोन पेट्या उघडायला लावल्या. दोन्हींत भाग पेंढ्यात नुसते निवांत पडले होते.

"थोरलीच्या चाकाला ग्रीस दिलंत त्या संध्याकाळी इथे कोण आलं होतं, आठवतं?"

"आठवतं की. नाना साहेबांकडे अडकले होते, म्हणून सगळे इथेच खोळंबले. भंगाराचा ठेकेदार आला होता, मधलीचे तुकडे न्यायला. थोरलीचे इंजिनवाले साहेब कसल्याशा नळ्या घ्यायला आले होते. आणि जावईबापू, नानांना घरी न्यायला. मी हात धुतले आणि निघालो. ते तिघं इथेच होते."

थोरलीचा इंजिन अधिकारी डोळे तारवटलेल्या अवस्थेत मोडक्या पंपाशेजारी बसला होता. "ते कोरं चाक माझ्याच जहाजासाठी राखलेलं होतं," तो वैतागून म्हणाला. "ते चोरून मी माझाच गळा कापू? आणि चोरलंच असतं, तर आज गुपचूप काढून बसवलं नसतं का?"

"माणूस बरोबर बोलतोय," बाहेर आल्यावर भावजी म्हणाले.

"कधीकधी बोलतात माणसं," वहिनी म्हणाल्या आणि चालू लागल्या.

ठेकेदाराची कचेरी किनाऱ्यावरच होती, पण त्यानं खुर्ची समुद्राकडे पाठ करून मांडली होती. परदेशी लोक आले होते का, या प्रश्नाला त्यानं आढेवेढे घेतले नाहीत.

"आले होते की! मधलीची दारं घेतली, खुर्च्या घेतल्या. चाक मागत होते. माझ्या हाती लागलं असतं तर विकलंही असतं, खोटं कशाला बोलू?"

"मधलीवर तुम्ही बऱ्याचदा गेला असाल?"

"मी? नाव काढू नका. पहिल्या दिवशी फळीवर पाय ठेवला आणि पोटातलं सगळं बाहेर. बांधलेलं जहाज, तरी डुलतंच! मुकादम जातो. मी काठावरून ओरडतो."

भावजींना हा माणूस चोर म्हणून पसंत होता. परदेशी गिऱ्हाईक, भंगाराचा धंदा आणि वर इतका मोकळेपणा! गाडीत त्यांनी तसं सांगितलंही. वहिनींनी काच वर केली, खाली केली, पुन्हा वर केली.

"पाचरा, भावजी," त्या म्हणाल्या. "त्या पाचरा मला टोचताहेत."

धाकटीवर जावईबापू भेटले. चेहरा उतरलेला होता, पण बोलणं अदबीचं होतं. इंजिनं चाचणीसाठी सुरू होती, तरी ते दोघांना खाली घेऊन गेले. शिडी उतरल्याबरोबर भावजींनी उजव्या कानावर हात दाबला. त्या बाजूच्या पंपातून दाढेत कळ जावी अशी कुई ऐकू येत होती.

"आवाजावर जाऊ नका," जावई मोठ्यानं म्हणाले. "दोन्ही पंप जन्मापासूनचे आहेत. दात झिजले की एवढी कुरकुर करणारच. थोरलीचंही तेच होतं."

भावजी आडोसा शोधत पलीकडे सरकले. "वहिनी, इकडे या! डाव्या बाजूला बरं आहे. इथे कान शाबूत राहतात."

"वर चला," जावई म्हणाले. "इथे फार वेळ थांबू नये."

डेकवर वहिनींनी विचारलं, "नाना बोलत का नसतील?"

"धक्का बसलाय त्यांना. मला ते वडिलांसारखे आहेत, बाई. मी त्यांना सोडवीनच." हे म्हणताना ते समोरच्या थोरलीकडे बघत होते.

शेवटी घर. नाना लेकीकडेच राहत होते. ते गॅलरीत बसले होते, गुडघ्यांवर हात, नजर खाली. गॅलरीच्या कठड्यावर कुंड्यांची रांग होती आणि प्रत्येक कुंडी दोरीनं आडवी-उभी बांधून कठड्याला जखडलेली होती. खालच्या मोठ्या कुंडीला तर दोन्हीकडून लाकडी पाचराही होत्या.

"कुंड्या रात्री पळून जातात की काय?" भावजी म्हणाले.

"यजमानांची कृपा," लेक कसनुसं हसली. "घर डुलेल अशी भीती वाटते त्याला. कपाटसुद्धा बांधून ठेवलंय."

नाना हसले नाहीत. वहिनी त्यांच्यासमोर उकिडव्या बसल्या.

"नाना, पेटीत वाकलात तेव्हा काय दिसलं तुम्हाला?"

नानांनी आधी लेकीकडे पाहिलं. "बाई, तुम्ही घरी जा. चाक मीच घेतलं असं सांगा साहेबांना. मी सही करतो."

वहिनी उठल्या आणि शेजारच्या स्टुलावर चक्क बसल्या. ही बाई बसली म्हणजे शोध संपला, हे भावजींना पक्कं ठाऊक होतं.

निघताना वहिनींनी लेकीला जिन्यात थांबवलं. "जे निघेल ते ऐकेन म्हणाला होतात. अजून तसंच?"

"बाबांनी केलं?"

"नाही."

"मग विचारताय कशाला?" ती म्हणाली.

दुपारी सगळे भांडारात जमले. कमांडर, दादा, ठेकेदार, दोन्ही इंजिन अधिकारी, नाना आणि त्यांची लेक. पेटी मध्ये होती. वहिनी तिच्याभोवती फिरत बोलू लागल्या.

"सील शाबूत होतं, म्हणून सगळ्यांनी नानांना धरलं. पण चोरी सील लागण्याआधीच झाली. उन्हाळ्यात ग्रीस दिल्यावर पेटी रात्रभर नुसत्या झाकणाखाली होती. सकाळी दादांनी तशीच ठोकली, नानांनी तशीच सीलबंद केली. आतलं चाक संध्याकाळीच बदललेलं होतं."

दादानं कपाळावर हात मारला.

"दादांवर संशय नको. ते तारेला टांगून बुडवतात. प्रत्येक भागाच्या भोकात तारेची कोरी रेघ राहते. या चाकाला ती नाही. याला कुणीतरी थंड ग्रीस बोटांनी चोपडलंय. म्हणजे त्या संध्याकाळी इथे थांबलेल्या तिघांपैकी एक."

ठेकेदार म्हणाला, "म्हणजे आलंच माझ्यावर."

"नाही आलं. या पाचरा बघा, ही दोरी बघा. भांडारात वस्तू पेंढ्यात नुसती ठेवतात, कारण जमीन हलत नाही. घाईघाईनं चोरी करताना पाचरा ठोकत कोण बसेल? ज्याचे हात मोकळी वस्तू मोकळी सोडूच शकत नाहीत, तो. ज्यानं वर्षानुवर्षं डुलत्या जहाजावर काम केलंय, तो. तुम्हाला तर फळीवरच ओकारी येते."

आता सगळे दोन अधिकाऱ्यांकडे बघू लागले. थोरलीचा अधिकारी ताडकन उठला.

"बसा," वहिनी म्हणाल्या. "चाकं मोजली की तुम्ही सुटता. साहेबांनी ती मोजली, फक्त एका जहाजाची न बघता मोजली. थोरलीची दोन्ही दिसली, मधलीची दोन्ही दिसली. धाकटीची 'चालू आहेत' एवढ्यावर सोडून दिली. आज माझ्या भावजींनी ती ऐकली."

"मी?" भावजी दचकले.

"उजव्या बाजूला कान धरलात आणि डावीकडे जाऊन म्हणालात, इथे बरं आहे. दोन्ही पंप एका वयाचे, दोघांचे दात सारखे झिजलेले, असं आम्हाला सांगण्यात आलं होतं. मग एक किंचाळतो आणि दुसरा गप्प का? कारण डाव्या पंपात कोरं चाक आहे. थोरलीसाठी ठेवलेलं. आणि डाव्याचं मूळचं, तेलाशिवाय फिरून जळलेलं चाक या पेटीत आहे."

जावयांनी टोपी काढून हातात घेतली होती आणि ती ते गोल गोल फिरवत होते.

"तेलाचा व्हॉल्व्ह बंद होता," शेवटी ते म्हणाले. "चाचणीआधी मीच बंद केला होता, उघडायचा राहिला. क्षणात चाक जळलं. माझ्या बढतीचा निकाल तेव्हाच लागायचा होता. मी विचार केला, कोरं चाक नुसतं पडून आहे, तोवर वापरू. त्या संध्याकाळी जळकं पिशवीत आणलं आणि बाकीचे दोघं बाहेर पडताच बदललं. बाहेरच्या एका कारखान्यात तसंच चाक बनवायला टाकलं होतं. पुढच्या उन्हाळ्यात पेटी उघडण्याआधी नानांची पकड लपवून आणून गुपचूप ठेवणार होतो. थोरलीचं मधेच मोडेल असं..."

"मोडल्यावर बोलायचं होतंस!" थोरलीचा अधिकारी ओरडला.

"पेटी उघडली तेव्हा मी तिथे नव्हतो. कळलं तेव्हा नानांचं नाव झालं होतं. मग जीभ रेटलीच नाही."

"साहेब, पोराला सांभाळून घ्या," नाना एकदम बोलले. "मी गाठी बघितल्या आणि मला कळलं. रोज त्याच गाठींसमोर बसतो मी. माझी नोकरी संपतच आलीय. माझं काय व्हायचं ते होऊ द्या, हिचं घर राहू द्या."

लेक इतका वेळ भिंतीला टेकून उभी होती. ती पुढे आली ती नवऱ्याकडे नाही, बापाकडे.

"मला विचारलंत का, बाबा?" ती म्हणाली. "तुम्ही तुरुंगात बसणार, आणि मी त्या घरात रोज स्वयंपाक करायचा, कुंड्यांना पाणी घालायचं, तुम्हाला चोर समजून? ह्यानं तुमचं नाव घालवलं. आणि तुम्ही? तुम्ही माझा बाप घालवायला निघाला होतात."

नानांनी तिचा हात धरायला हात पुढे केला. तिनं धरू दिला, पण रडू आवरलं नाही.

कमांडर खाकरला. "चाक किती वेळात निघेल?"

"दुसऱ्या कुणी काढलं तर उद्यावर जाईल," जावई म्हणाले. "मी काढतो. संध्याकाळपर्यंत थोरली निघेल. मग जिथे न्यायचं तिथे न्या मला."

थोरलीच्या अधिकाऱ्यानं अवजारांची पेटी उचलली आणि काही न बोलता त्यांच्या बरोबरीनं निघाला. दारात जावई थांबले. बायकोकडे बघायचं धाडस त्यांना तोवर झालं नव्हतं.

"घरी असशील ना तू?"

तिनं डोळे पुसले. "आधी ते चाक बसव. लोक पाण्याची वाट बघताहेत. माझं काय ते मी ठरवीन, आणि या खेपेला तुम्ही दोघांनीही मध्ये पडायचं नाही."

नाना काहीतरी म्हणणार होते. तिनं नुसतं त्यांच्याकडे पाहिलं, तशी त्यांनी मान डोलावली.